पवित्रतेचे पाचारण कोणास?

शास्त्रपाठ : लूक ३:१०–१४, १ करिंथ ७:१७–२४, १ पेत्र १:१३–१६.

अभ्यासाचा हेतू : देवाचे पाचारण म्हणजे काय, ते कोणास होते, आणि पवित्र जीवनाचा अधिकार ठराविक लोकांसच आहे काय, ह्याचा विचार करणे. ह्या कामी रोमन कॅथॉलिक मंडळीची शिकवण काय आहे ती नीट समजून घेणे, आणि आपल्या सातारा व सांगली भागातील दाखल्यांवरून ती पडताळून पाहणे.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक समजूत फार दिवसांपासून घर करून बसली आहे. ती अशी की, ज्यास देवाचे पाचारण होते तो उपदेशक किंवा पाळक होतो, आणि ज्यास ते होत नाही तो शेती, मजुरी किंवा नोकरी करतो. पहिल्याने नित्य प्रार्थना करावी, शास्त्र वाचावे, रागलोभ आवरावा, निर्व्यसनी राहावे. दुसऱ्याने रविवारी उपासनेस यावे, दानपेटीत काही टाकावे, म्हणजे झाले. एखाद्या गृहस्थास त्याच्या वागणुकीविषयी कोणी बोलले, तर तो हसून म्हणतो, ‘‘मी काय उपदेशक आहे?’’ जणू काय पवित्रता ही उपदेशकाच्या पगाराबरोबर मिळणारी वस्तू आहे!

ह्या समजुतीने दोघांचेही नुकसान होते. गृहस्थ आपणास मोकळा समजतो, आणि उपदेशक आपले काम नोकरी समजू लागतो. म्हणून हा विषय वादासाठी नव्हे, तर आत्मपरीक्षणासाठी घ्यावयाचा आहे.

१. शब्दाचा अर्थ

पाचारण म्हणजे हाक मारणे, बोलावणे. नव्या करारात हा शब्द दोन प्रकारे येतो. पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान ह्यांस प्रभूने जाळी सोडून आपल्यामागे येण्यास बोलाविले. हे विशेष कामासाठी झालेले पाचारण होय. परंतु पौल जेव्हा रोम किंवा करिंथ येथील मंडळीस पत्र लिहितो, तेव्हा तो तेथील सर्व विश्वासणाऱ्यांस पवित्र होण्याकरिता बोलाविलेले लोक असे म्हणतो. त्या मंडळ्यांत दास होते, कारागीर होते, व्यापारी होते, विधवा होत्या. त्यांच्यातील एखाददुसराच उपदेशक असेल. तरी पवित्रतेची हाक सर्वांस सारखीच होती.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा दाखलाही लक्षात घेण्याजोगा आहे. जकातदार व शिपाई त्याजकडे येऊन, आम्ही काय करावे, असे विचारू लागले. त्याने कोणासही धंदा सोडून रानात येऊन राहण्यास सांगितले नाही. जकातदाराने नेमलेल्यापेक्षा अधिक घेऊ नये आणि शिपायाने कोणास नाडू नये, असे त्याने सांगितले. म्हणजे पश्चात्तापाचे फळ जकातीच्या नाक्यावर आणि पहाऱ्याच्या जागीच दिसावयाचे होते.

२. रोमन मंडळी काय शिकविते

रोमन कॅथॉलिक मंडळीत फार प्राचीन काळापासून धर्मगुरु, साधू व धर्मभगिनी ह्यांचे मोठे वर्ग आहेत. साधू व धर्मभगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. त्या मंडळीत ‘पाचारण’ हा शब्द सामान्य लोक पुष्कळ काळ ह्याच अर्थी वापरीत आले. मुलगा धर्मगुरु झाला किंवा मुलगी मठात गेली, म्हणजे त्या घराला पाचारण आले, असे म्हणत. सन १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेनेही विवाहित स्थितीपेक्षा ब्रह्मचर्याची स्थिती श्रेष्ठ आहे असे ठरविले होते.

तथापि त्याच मंडळीत दुसराही सूर होता. जिनेव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स ह्यांनी १६०९ साली संसारी लोकांसाठी भक्तिमार्गावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे की, भक्तीची रीत सरदाराची निराळी, कारागिराची निराळी, विधवेची निराळी व विवाहितेची निराळी असावी. बिशपाने एकांतवासी साधूप्रमाणे राहू पाहिले, किंवा कारागिराने सारा दिवस देवळातच घालविला, तर ती भक्ती अव्यवस्थित होईल. परंतु खरी भक्ती कोणाच्याही योग्य धंद्यास बाध आणीत नाही, उलट त्यास शोभाच आणिते.

पुढे रोम येथे १९६२ पासून १९६५ पर्यंत दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मंडळीविषयीचे एक मोठे प्रकटन संमत केले. त्याचे लॅटिन नाव ‘लुमेन जेन्तियुम’ असे आहे. त्याचा पाचवा अध्याय सर्वस्वी ह्याच विषयाला वाहिलेला आहे. त्याचा सारांश असा की, ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा कोणत्याही पदाचा वा स्थितीचा असो, ख्रिस्ती जीवनाच्या पूर्णतेस आणि प्रीतीच्या परिपूर्णतेस पोहोचण्याकरिता त्यास बोलाविलेले आहे. पुढे त्यात बिशप व धर्मगुरु ह्यांच्याबरोबरच पतिपत्नी, आईबाप, विधवा, कष्टकरी, दरिद्री व रोगी ह्यांचाही निरनिराळा विचार केला आहे. व्रतस्थ जीवनाविषयीचा अध्याय त्यानंतर येतो. सर्वांच्या पाचारणाचा विचार आधी आणि काहींच्या विशेष पाचारणाचा नंतर, ही मांडणी अर्थपूर्ण आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी १९ मार्च २०१८ रोजी पवित्रतेच्या पाचारणावर आणखी एक पत्रक लिहिले. मुलांना धीराने वाढविणारे आईबाप, घरच्यांच्या भाकरीसाठी राबणारे स्त्रीपुरुष, दुखण्यात खचून न जाणारे वृद्ध, हे आपल्या शेजारीपाजारी राहणारे पवित्र लोक होत, असे त्यात त्यांनी दाखविले आहे. बाजारात गेलेल्या एका बाईचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. शेजारीण भेटते, बोलता बोलता कोणाची निंदा निघू लागते, आणि ही बाई मनात ठरविते की आपण कोणाविषयीही वाईट बोलावयाचे नाही. त्यांच्या मते पवित्रतेच्या वाटेवरील ते एक पाऊल होय. पाणवठ्यावरील किंवा आठवड्याच्या बाजारातील बोलणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांस हे पाऊल किती अवघड आहे ते सांगावयास नको.

३. आपल्या सुधारकांचे म्हणणे, आणि मतभेद

हे वाचून पुष्कळांस वाटेल की, ही तर आपलीच शिकवण झाली. ते काही अंशी खरे आहे. मार्टिन लूथर १५०५ साली मठात शिरले होते. तेथील कडक व्रतांचा त्यांनी स्वतः अनुभव घेतला होता. १५२० साली त्यांनी जाहीर केले की, बाप्तिस्मा पावलेले सर्व जण देवापुढे याजकच आहेत. भेद आहे तो फक्त कामाचा. चांभार, लोहार व शेतकरी ह्यांनी आपापल्या कामाने शेजाऱ्याची सेवा करावी, आणि तेच त्यांचे पाचारण होय, असे ते शिकवीत. १५२५ साली त्यांनी स्वतः विवाह केला.

तरी दोन्ही शिकवणी अगदी एक आहेत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोमन मंडळी आजही तीन व्रतांच्या जीवनाला विशेष मान देते. मृत झालेल्या काही भक्तांना संतपद देऊन त्यांच्या मध्यस्थीची याचना करिते. आणि पवित्रतेच्या वाढीत संस्कारांना मोठे स्थान देते. आपण मानतो की, मनुष्य विश्वासाने, केवळ कृपेने नीतिमान ठरतो, आणि पवित्र जीवन हे त्या कृपेचे फळ आहे. ह्या मुद्द्यावर १९९९ साली लूथरन मंडळ्या व रोमन मंडळी ह्यांनी एक संयुक्त घोषणा केली, आणि तारण ही देवाची कृपाच होय, ह्यावर दोघांचे बरेच ऐक्य झाले. उरलेले मतभेद उरलेलेच आहेत. पण आळशी मनुष्यास त्यांच्याआड लपण्यास जागा नाही. कारण पवित्र होण्याची हाक प्रत्येकास आहे, एवढे दोन्ही बाजूंस मान्य आहे.

आणि येथे एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे. रोमन मंडळीत व्रतस्थ वर्गामुळे जी चूक शिरली, तीच चूक आपल्याकडे पगारी वर्गामुळे शिरली. परदेशी मिशनांच्या काळी ‘मिशनचे काम’ म्हणजेच प्रभूचे काम असा अर्थ झाला. ज्यास मिशनचा पगार तो सेवक, आणि बाकीचे ऐकणारे. मिशनांचा तो काळ केव्हाच संपला. समजूत मात्र मागे राहिली.

४. वसईचा एक उपदेशक

आता आपल्या भाषेच्या प्रदेशातील एक जुना दाखला घेऊ. गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारे १५५६ साली वसई येथे झाला. बाप पोर्तुगीज, आई कोकणातील. तरुणपणी ते जेसुइट पाद्र्यांबरोबर जपानात गेले आणि तेथे अनेक वर्षे उपदेशकाचे काम केले. जेसुइट संघात आपणास घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार धरला आणि त्यात त्यांस यशही आले. नंतर फिलिपाइन्स बेटांत मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू म्हणून शिरले. ते धर्मगुरु कधीच झाले नाहीत. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे १५९३ साली ते दुभाषी होऊन पुन्हा जपानात गेले. तेथे छळ सुरू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती लोकांस वधस्तंभांवर मारण्यात आले, त्यांत गोन्सालो होते. रोमन मंडळीने १८६२ साली त्या सर्वांस संतपद दिले.

संतपदाविषयी आपले मत काहीही असो, ह्या वृत्तांतातील दोन गोष्टी आपल्या उपदेशकांनी मनन कराव्या. पहिली ही की, ज्या पदाची त्यांनी इच्छा धरिली ते त्यांस मिळाले नाही, तरी त्यांचे पाचारण रद्द झाले नाही. दुसरी ही की, त्या सव्विसांपैकी सतरा जण साधे जपानी गृहस्थ व मुले होती. जेव्हा प्राण देण्याचा प्रसंग आला, तेव्हा कोणी पगारी आणि कोणी बिनपगारी हा प्रश्नच उरला नाही.

ह्याच प्रकारचा अलीकडचा दाखला म्हणजे त्रावणकोर दरबारातील अधिकारी देवसहायम पिल्ले ह्यांचा. ते विवाहित गृहस्थ होते. १७४५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला व १७५२ साली विश्वासासाठी प्राण दिले. १५ मे २०२२ रोजी त्यांस संतपद देण्यात आले. भारतातील साध्या गृहस्थास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

५. साताऱ्यातील संन्यासी

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांस संन्यास म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आणि मळ्यात राबणारा सावता माळी व मडकी घडविणारा गोरा कुंभार हेही महाराष्ट्रास ठाऊक आहेत. धंदा न सोडता भक्त होता येते, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. तरी संन्यास मोठा की संसार, हा प्रश्न येथे नेहमीच जागता राहिला.

कवी नारायण वामन टिळक ह्यांच्या जीवनात हाच प्रश्न उभा राहिला. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. शिकविले, लिहिले, भजने रचिली, पाळकाची दीक्षाही घेतली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, आपण ख्रिस्ताचे संन्यासी झालो असे जाहीर केले, आणि ते साताऱ्यास येऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे त्यांजबरोबर, ज्यांनी तो घेतलेला नाही पण ज्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले आहे अशांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे टिळकांचा अंत झाला. त्यामुळे दरबाराचे काम त्यांच्या हातून पुरी दोन वर्षेही झाले नाही.

हा संन्यास लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. टिळकांनी पगार सोडला, परंतु पत्नी व घर सोडले नाही. रोमन मंडळीतील साधूसारखे ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी घेतले नाही. आणि नेहमीच्या प्रॉटेस्टंट पाळकासारखे ठराविक वेतनावरही ते राहिले नाहीत. मोबदल्यासाठी ख्रिस्ताची गोष्ट सांगतो, असा संशय आपल्या देशबांधवांस राहू नये, एवढी त्यांची तळमळ होती. त्यांनी टाकून दिली ती मालकी आणि मिळकतीची आशा. माणसे टाकली नाहीत.

आणि लक्ष्मीबाईंचे काय? त्यांस संन्यास कोणी दिला नाही. पतीने पगार सोडला की चूल कशी पेटवावयाची, हा विचार घरच्या बाईलाच करावा लागतो. त्या शाळेत फारशा शिकल्या नव्हत्या. तरी अनाथ मुले त्यांनी पदराखाली घेतली, पाहुण्यांची सोय पाहिली, आणि टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्य पुढे चालविले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मवृत्त आज साऱ्या महाराष्ट्रात वाचले जाते. एका घरात दोन पाचारणे होती. एक लोकांस दिसले, दुसरे स्वयंपाकघरात चालले. देवाच्या दृष्टीने कोणते मोठे, हे ठरविण्याचे काम आपले नाही.

६. पाचगणी व मिरज

आपल्याच भागातील आणखी दोन ठिकाणांचा थोडक्यात उल्लेख करू. पाचगणीस १८९५ साली डॉटर्स ऑफ द क्रॉस ह्या संघाच्या धर्मभगिनींनी मुलींची शाळा स्थापन केली. हा संघ बेल्जम देशातील लीएज शहरी १८३३ साली निघाला होता. त्या भगिनींनी घरदार सोडून परक्या मुलींस शिकविण्यात आयुष्य घातले. त्यांची व्रते आपणास मान्य नसली, तरी त्यांचे कष्ट मान्य केलेच पाहिजेत.

मिरजेस डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांचे काम झाले. ते १८८९ साली प्रथम सांगलीस आले; मिरजेचे इस्पितळ १८९४ साली उघडले, आणि १८९७ साली तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. १९२८ पर्यंत त्यांनी हे काम केले. परंतु इस्पितळ एकट्या डॉक्टराने चालत नाही. जखम धुणारी परिचारिका, कपडे उकळणारा नोकर, रात्री दिवा घेऊन फिरणारा पहारेकरी, ह्यांतील एकानेही हयगय केली तर रोगी दगावतो. मंडळीचेही तसेच आहे.

७. एक सावधगिरीची सूचना

पौलाने करिंथकरांस सांगितले की, ज्या स्थितीत देवाने बोलाविले त्या स्थितीत प्रत्येकाने चालावे. हे वचन आपल्या देशात फार जपून वापरले पाहिजे. जन्माने लादलेले काम म्हणजेच देवाचे पाचारण, असा त्याचा अर्थ करणे हे शास्त्राचे विपर्यासन होय. त्याच अध्यायात पौल दासास सांगतो की, मोकळे होता येत असेल तर त्या संधीचा उपयोग कर.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबापणजोबांनी गावकीचे काम वतन म्हणून केले. मेलेली गुरे ओढणे, सरकारी सांगावे पोहोचविणे, आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागणे, हे त्यांच्या वाट्यास जन्मानेच आले होते. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. ती देवाने नेमलेली नव्हती. माणसांनी माणसांवर लादली होती. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर ह्या मुलाचे नाव दाखल झाले; त्याच्या बापाने जन्माचे काम हेच पाचारण मानिले असते, तर ते नाव त्या पटावर कधीच चढले नसते. म्हणून मुलगी शिकू पाहते, मुलगा दुसरा धंदा करू पाहतो, तर पाचारणाचे नाव पुढे करून त्यांस अडवू नये. पाचारण हे मनुष्यास बांधून ठेवण्याचे दावे नव्हे. पवित्रतेची हाक मात्र कोणत्याही धंद्यात गेले तरी सोडीत नाही.

८. आपल्या गावात ह्याचे काय?

वरील शिकवण ऐकून, बरे झाले, असे म्हणून उठून जाणे सोपे आहे. म्हणून ती प्रत्येकाच्या दारापर्यंत नेली पाहिजे.

शेतकऱ्याचे पाचारण बांधावर पारखले जाते. नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाचे वीतभर ढेकूळ आपल्याकडे ओढले की नाही, पाण्याच्या पाळीत दुसऱ्याचा तास खाल्ला की नाही, हे देव पाहतो. हळदीच्या पेठेत ओलसर माल वाळलेल्यात मिसळणारा मनुष्य रविवारी कितीही मोठ्याने गाईला, तरी त्याचे गाणे पेठेतच खोटे ठरले आहे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उचलीचा हिशेब अडाणी मजुरास नीट समजावून देतो की नाही, ही त्याची उपासना. घरात सुनेशी सासू कशी बोलते, पगाराच्या दिवशी पुरुष सरळ घरी येतो की गुत्त्यावरून, ही त्या घराची प्रार्थना.

उपदेशकबंधूंनो, आपणास एक शब्द. आपले विशेष पाचारण खरे आहे. कोणी ते हलके लेखू नये. पण ते लोकांच्या ऐवजी पवित्र राहण्याचे नाही, लोकांस त्यांचे पाचारण ऐकावयास लावण्याचे आहे. आजाऱ्याकडे जाताना मंडळीतील एका गृहस्थास बरोबर न्या. प्रार्थना एखाद्या बाईस करू द्या, ती अडखळली तरी चालेल. पौल राहुट्या शिवून पोट भरीत असे, आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे त्याच धंद्यातील नवराबायको त्याचे सहकारी झाले. ज्या गावात उपदेशक बदलून गेल्यावर उपासना बंद पडते, तेथे उपदेशकाने काम पुष्कळ केले असेल, पण आपल्या मंडळीस जागे केले नाही, असेच म्हणावे लागेल.

आणि ज्यांच्या मुलामुलींस खरोखरच सुवार्तेच्या कामाची ओढ लागली आहे, त्या आईबापांनी पगार किती, असा प्रश्न पहिल्याने विचारू नये. त्याचप्रमाणे मंडळीनेही, पाचारण झाले आहे ना, मग उपाशी राहा, असे म्हणू नये. कामकऱ्यास मजुरी देणे हे मंडळीच्या पवित्रतेचेच एक अंग आहे.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदार व शिपाई ह्यांस काय सांगितले? तेच आपल्या गावातील तलाठी, दुकानदार व मुकादम ह्यांस कसे लागू करावे?

२. रोमन मंडळीच्या १९६४ च्या प्रकटनात आणि आपल्या सुधारकांच्या शिकवणीत साम्य कोणते? भेद कोणते?

३. टिळकांनी संन्यास घेताना काय टाकले आणि काय टाकले नाही? लक्ष्मीबाईंचे पाचारण कोणते?

४. जन्माने लादलेले काम आणि देवाचे पाचारण ह्यांत फरक कसा ओळखावा?

५. ह्या आठवड्यात आपल्या कामाच्या जागी कोणती एक गोष्ट सुधारावी, ती प्रत्येकाने मनात ठरवून तिजसाठी प्रार्थना करावी. पुढील रविवारी ती लोकांस सांगण्याची गरज नाही; घरच्यांस ती न सांगताच कळली पाहिजे.